पुनरुत्थान : ख्रिस्ती श्रद्धेचा पाया

महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांना ख्रिस्ती लोकांचा एक सण चांगल्या परिचयाचा आहे, तो म्हणजे नाताळ. गोठा, तारा, बाळ येशू, केक आणि कंदील ही सारी चित्रे शेजारधर्माने का होईना, घरोघरी पोहोचलेली आहेत. ईस्टरविषयी विचारले तर मात्र बहुधा एवढेच उत्तर मिळते की, गुड फ्रायडेला सुट्टी असते आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी ख्रिस्त पुन्हा जिवंत झाला असे ते लोक मानतात. एका वाक्यात आटोपणारा हा विषयच वस्तुतः ख्रिस्ती धर्माचे मर्म होय. २५ डिसेंबरला नाताळ पाळल्याची जुन्यात जुनी नोंद रोम शहरातील आहे आणि ती इ. स. ३३६ मधली आहे. उलट ईस्टर नेमके कोणत्या दिवशी पाळावे, यावरून दुसऱ्या शतकातच निरनिराळ्या मंडळ्यांत वाद चालू होता. म्हणजे ख्रिस्ताचा जन्मोत्सव रूढ होण्यापूर्वी कितीतरी आधी त्याच्या पुनरुत्थानाचा उत्सव रूढ झालेला होता. या क्रमात मोठा अर्थ आहे. ज्याचा मृत्यूनंतर काही विशेष घडले नाही, त्याचा जन्मदिवस शोधीत कोण बसणार?

या सणाची तिथी ठरविण्याची रीत मराठी माणसास परकी वाटण्याचे कारण नाही. नाताळ सूर्याच्या मानाने चालते, ईस्टर चंद्राच्या. नायसिया येथे इ. स. ३२५ मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने हा सण सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असे ठरविले, आणि पुढे जो नियम स्थिर झाला तो असा : २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल, तिच्या नंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस. यास्तव हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या अवधीत मागेपुढे सरकतो. २०२४ साली तो होळी पौर्णिमेच्या पाठोपाठ ३१ मार्चला आला. २०२५ साली पौर्णिमा रविवारीच, १३ एप्रिलला धरली गेल्यामुळे सण पुढल्या रविवारी, २० एप्रिलला पडला. २०२६ साली तो चैत्री पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी, ५ एप्रिलला आला. पंचांग पाहण्याची सवय असलेल्या घराने आकाशातील चंद्रावरून या सणाचा अंदाज सहज बांधावा.

युरोपात या दिवसांत बर्फ वितळते, झाडांना कोवळी पालवी फुटते, आणि त्यामुळे तिकडील कवींनी व चित्रकारांनी वसंताचे रूपक ईस्टरला चिकटवून दिले. परंतु हे रूपक खानदेशात आणून पाहावे. जळगावजवळचे असोदा हे गाव उदाहरणादाखल घेतले, तर चैत्रात तेथील शिवार कसे दिसते? कपाशी निघून गेलेली असते. गहू आणि हरभरा खळ्यावरून घरात आलेला असतो. तापीच्या खोऱ्यातील काळी जमीन उन्हाने भेगाळू लागलेली असते. पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावरील केळीच्या बागा सोडल्या, तर हिरवे असे फारसे काही उरत नाही. पावसाला दोन महिन्यांचा अवकाश असतो. अशा ठिकाणी 'निसर्ग पुन्हा जागा झाला, तसा ख्रिस्त जागा झाला' असे म्हणणे व्यर्थ होय.

गंमत अशी की, या बाबतीत युरोपपेक्षा खानदेशच मूळ कथेला अधिक जवळचा आहे. पॅलेस्टाइनमध्येही वल्हांडण सणाचे दिवस पालवीचे नसून कापणीचे असतात. तेथे त्या सुमारास जव कापणीला येतो, आणि पिकाची पहिली पेंढी देवापुढे अर्पण करावी असा यहुदी धर्मशास्त्राचा दंडक होता. येशूचा वध वल्हांडणाच्याच दिवसांत झाला. प्रेषित पौलाने पुनरुत्थित ख्रिस्ताला प्रथमफळ म्हटले, ते हा विधी मनात ठेवून. पहिली पेंढी काही सगळे पीक नव्हे. पण ती हाती आली म्हणजे शेतकऱ्याला कळते की बाकीचे शेत पिकलेले आहे. पहिले फळ हे उरलेल्या पिकाचे साक्षीदार असते. ख्रिस्ती माणसाच्या मते ईस्टरच्या पहाटे घडले ते एका महात्म्यापुरते नाही. त्या एकाच्या ठायी सर्व मानवजातीच्या पुढल्या कापणीची खूण मिळाली, असे तो मानतो. गव्हाची पहिली पेंढी हातात धरून उभा असलेला असोद्याचा शेतकरी हा सिद्धान्त पंडितांपेक्षा लवकर समजेल.

आता मूळ कथा काय सांगते ते पाहणे अवश्य आहे. रोमन सुभेदार पंतय पिलात याच्या आज्ञेने येशूला शुक्रवारी क्रूसावर खिळण्यात आले. विद्वानांच्या मते हे इ. स. ३० किंवा ३३ साली घडले असावे. अरिमथाईकर योसेफाने त्याचे प्रेत मागून घेतले आणि खडकात खोदलेल्या कबरेत ठेवले. शब्बाथाची विश्रांती संपल्यावर रविवारी अगदी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे गेल्या, तो तोंडावरील धोंड लोटलेली आणि आत प्रेत नाही. चारही शुभवर्तमानांत येथवरच्या कथेचा गाभा एकच आहे. पुढील तपशिलात मात्र त्यांची साक्ष भिन्न आहे : कोणत्या स्त्रिया होत्या, देवदूत एक होता की दोन, दर्शन यरुशलेमात झाले की गालीलात, याविषयी त्यांत मेळ घालण्याचा यत्नही दिसत नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या जुन्यात जुन्या प्रती तर स्त्रिया भिऊन पळाल्या आणि कोणाजवळ काही बोलल्या नाहीत, येथेच संपतात.

यातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे प्रत्यक्ष पुनरुत्थान कसे घडले याचे वर्णन एकाही शुभवर्तमानात नाही. आधीची कबर आणि नंतरचे दर्शन एवढेच सांगितले आहे. दुसरी म्हणजे पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत. त्या काळच्या समाजात स्त्रियांच्या साक्षीला फारसे मोल नव्हते. त्यांनी आणलेली वार्ता प्रथम शिष्यांनाही वायफळ बडबड वाटली, असे लूक प्रांजळपणे लिहितो. कथा रचणाऱ्याला ती पटवून द्यायची असती तर त्याने असे साक्षीदार निवडले नसते, असा विश्वास ठेवणाऱ्यांचा युक्तिवाद आहे. याहूनही जुना लेख म्हणजे पौलाने करिंथ येथील मंडळीला सुमारे इ. स. ५५ मध्ये धाडलेले पत्र. त्यात तो पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब आणि शेवटी स्वतः, अशी ज्यांना दर्शन झाले त्यांची यादी देतो, आणि ही यादी आपल्यालाही परंपरेने मिळाली असे सांगतो. त्याच ठिकाणी तो आपले सर्वस्व पणाला लावतो : ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फोल आहे आणि तुमची श्रद्धाही फोल आहे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. आपल्या धर्माचा डोलारा ज्या एका खांबावर उभा आहे तो खांब इतक्या उघडपणे दाखविणारा प्रचारक विरळा.

मराठीत 'पुनरुत्थान' हा शब्द ऐकताच त्याच्या शेजारी दुसरे काही शब्द येऊन उभे राहतात, आणि घोटाळा तेथे होतो. पुनर्जन्मात जीव एक देह टाकून दुसरा घेतो. मागची ओळख पुसली जाते. आत्म्याच्या अमरत्वात देह हे वस्त्र किंवा पिंजरा ठरतो, आणि तो गेल्याचे दुःख ज्ञानी माणसास नसते. संजीवन समाधीत योगी मृत्यूची वेळ स्वतः निवडतो. ख्रिस्ती पुनरुत्थान यांपैकी कोणतेच नव्हे. येशू मृत्यू टाळीत नाही, निवडलेल्या समाधीतही बसत नाही. तो इतर माणसांसारखा, किंबहुना गुन्हेगारासारखा मरतो. मग देव त्याला उठवितो, आणि उठविलेला मनुष्य तोच असतो. त्याचे नाव तेच, त्याचे मित्र तेच, त्याच्या हातांवरील खिळ्यांचे व्रणही तेच. तथापि तो केवळ पूर्वीच्या आयुष्यात परत आलेला नाही. लाजर उठला, पण त्याला पुन्हा मरावयाचे होते. येशूचे जीवन मृत्यूच्या पलीकडले आहे, असे शुभवर्तमानांचे म्हणणे आहे.

हा आशय मराठीत उतरविण्याचा यत्न चारशे वर्षे चालू आहे. इंग्लंडात जन्मलेल्या आणि १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध केलेल्या ख्रिस्तपुराणात ही सारी कथा ओवीत सांगितली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ गोव्यातील ख्रिस्ती घरांना पुराण म्हणून मिळाला. श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांचा मराठी नवा करार १८११ साली मोडी लिपीत छापला गेला. अमेरिकन मिशनच्या मंडळींचा नवा करार १८२६ साली मुंबईत निघाला. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजावे अशा मराठीत समग्र बायबल उतरविले. त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली वारली. त्या दुःखातही हे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा त्या वर्षीचे ईस्टर अवघ्या अकरा दिवसांवर होते. त्यांचे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. मृतांच्या उठण्याविषयीची वचने मराठीत लिहिणे त्या आईला केवळ भाषेचा अभ्यास वाटले असेल, हे संभवत नाही.

शब्दांपेक्षा शेत अधिक बोलके असते. ज्या असोद्याचा वर उल्लेख आला, तेथेच बहिणाबाई चौधरी १८८० साली जन्मल्या. अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीने पेरणी, मळणी, जाते आणि धरित्री यांवर रचलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्र थक्क झाला. ती गाणी ख्रिस्ती नव्हेत, आणि त्यांवर तो अर्थ लादणे अन्यायाचे होईल. परंतु मातीआड गेलेल्या दाण्याकडे आदराने पाहणारी दृष्टी त्या मातीत होती, एवढे त्यांवरून कळते. येशूनेही आपल्या मरणाविषयी बोलताना गव्हाच्या दाण्याचेच उदाहरण घेतले : जमिनीत पडून मेल्यावाचून तो एकटाच राहतो. पौलानेही तेच चालविले. पेरतो तो उघडा दाणा, उगवते ते ताट. आणि तरीही ते ताट त्याच दाण्याचे असते.

खानदेशात आणखी एक पीक आहे, आणि त्याचा दाखला याहून निराळा आहे. केळीचा घड उतरला की खोड कापून टाकतात आणि बुंध्याजवळचे पील वाढू देतात. बाग चालू राहते, पण ते झाड संपते. पुष्कळ माणसे आपल्या मृतांविषयी असेच समाधान करून घेतात : तो मुलाबाळांच्या रूपाने उरला, तो कार्याच्या रूपाने उरला, तो आठवणीत जिवंत आहे. हे समाधान खोटे नव्हे, परंतु त्यात गेलेला माणूस परत मिळत नाही. त्याच्या जागी दुसरे कोणी उभे राहते. ज्यांना मूलबाळ नव्हते, ज्यांनी काही कार्य केले नाही, ज्यांची आठवण ठेवणारेही गेले, त्यांचे काय? दुष्काळात वाटेवर पडलेल्यांचे काय? पिलाचा न्याय त्यांना लागू पडत नाही. दाण्याचा न्याय लागू पडावा, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे.

दाण्याचे रूपकही शेवटपर्यंत पोहोचत नाही. दाणा वस्तुतः मेलेला नसतो. ओल मिळताच तो आपल्या स्वभावाने उगवतो, आणि न उगवला तर शेतकऱ्याला नवल वाटते. मनुष्याचे प्रेत आपल्या स्वभावाने कधीच उठत नाही. म्हणून पुनरुत्थान हा निसर्गाचा नियम नव्हे. ज्याने शून्यातून सृष्टी केली त्या देवाचे ते दुसरे सर्जन होय, असे ख्रिस्ती धर्म सांगतो. येथे प्रमाण संपते आणि विश्वास सुरू होतो.

प्रमाण कोठे संपते, याविषयी खुद्द ख्रिस्ती विद्वानांत मतभेद आहेत. जर्मन पंडित रूडॉल्फ बुल्टमान यांनी १९४१ साली असे प्रतिपादिले की, ईस्टर म्हणजे इतिहासात दाखविता येईल अशी घटना नव्हे. क्रूसावर मेलेला ख्रिस्त मंडळीच्या संदेशात भेटतो आणि ऐकणाऱ्याला निर्णयास प्रवृत्त करतो, हेच पुनरुत्थान. याच्या उलट इंग्लंडमधील एन. टी. राइट यांनी २००३ साली एक जाडजूड ग्रंथ लिहून, रिकामी कबर आणि दर्शने ही दोन्ही खरी मानल्याशिवाय पहिल्या मंडळीच्या उदयाचा उलगडा होत नाही असा पक्ष मांडला. इतिहासकार म्हणून बोलणारा मनुष्य इतके निश्चित सांगू शकतो : गुरूच्या मृत्यूने पांगलेली माणसे थोड्याच काळात त्याच यरुशलेमात परत उभी राहिली, त्याला देवाने उठविले असे सांगू लागली, आणि त्यासाठी छळ सोसू लागली. याचे कारण काय, याचे उत्तर प्रत्येकाला स्वतः द्यावे लागते. सर्वसाधारण मराठी ख्रिस्ती कुटुंब, मग ते वसईचे कॅथलिक असो, अहमदनगरकडील प्रॉटेस्टंट असो की नवापूरकडील आदिवासी असो, बुल्टमानपेक्षा मग्दालीया मरीयेवर अधिक विसंबते.

या श्रद्धेचा रोजच्या जगण्याशी संबंध काय? पहिला संबंध देहाशी. जो देह उठावयाचा आहे तो टाकाऊ नव्हे. म्हणून त्याची शुश्रूषा हे धर्मकृत्य ठरते आणि प्रेतही आदराने ठेवावे लागते. पुरण्याची चाल यातूनच दृढ झाली. पण अग्नीत गेलेल्या देहाला देव उठवू शकत नाही काय? शहरांत दफनभूमीची जागा अपुरी पडू लागल्यावर हा प्रश्न केवळ पंडिती राहिला नाही. कॅथलिक धर्मपीठाने १९६३ साली दहनास मुभा दिली. मात्र पुनरुत्थान नाकारण्याच्या हेतूने ते केलेले नसावे अशी अट घातली. २०१६ साली त्यात भर घालून, रक्षा वाऱ्यावर उधळू नये किंवा घरी ठेवू नये, पवित्र स्थळी ठेवावी, असे सांगण्यात आले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा प्रश्न मुख्यतः रूढीचा आहे. तत्त्व दोन्हीकडे एकच : उठविणाऱ्याचे सामर्थ्य मातीच्या किंवा राखेच्या प्रकारावर अवलंबून नाही, पण मृताचा मान राखणे हे जिवंतांचे कर्तव्य आहे.

दुसरा संबंध न्यायाशी. जो उठला तो सिंहासनावरचा राजा नव्हता. राजसत्तेने आणि धर्माधिकाऱ्यांनी मिळून ज्याला दोषी ठरविले, तोच उठला. याचा अर्थ, खालच्या न्यायालयाचा निकाल वरच्या न्यायालयाने फिरविला. जगात ज्यांना अपराधी, अस्पृश्य किंवा निरुपयोगी ठरविले जाते, त्यांच्याविषयीचा जगाचा निकाल अखेरचा नाही, हे या एका दाखल्यावरून ख्रिस्ती मनुष्य शिकतो किंवा त्याने शिकावे अशी अपेक्षा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्यप्रांतातून निराधार मुली आणल्या आणि केडगावच्या आश्रमाला मुक्ती हे नाव दिले, त्यामागे हाच विचार होता. जेथे ख्रिस्ती मंडळ्यांनीच जातिभेद पंक्तीत बसवून घेतला, तेथे त्यांनी ईस्टर साजरे केले पण मानले नाही, असे म्हणावे लागते.

तिसरा संबंध दुःखाशी. थोमाला दिसलेल्या ख्रिस्ताच्या अंगावर जखमा तशाच होत्या. पुनरुत्थान दुःख पुसून टाकीत नाही. ते दुःखाला शेवटचा शब्द बोलू देत नाही, एवढेच. म्हणून ईस्टरचा आनंद हा शोक न झालेल्यांचा आनंद नव्हे. २०२० साली १२ एप्रिलला ईस्टर आले तेव्हा महामारीच्या टाळेबंदीमुळे देशभर देवळे बंद होती. घरात मेणबत्ती लावून उपासना झाली. त्या आणि पुढल्या वर्षी कित्येक कुटुंबांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शनही घडले नाही. चार माणसांत अंत्यविधी उरकावा लागला. अशा घरात पुढल्या ईस्टरला 'मरणावर जय' हे शब्द उच्चारणे सोपे नसते. तेथे हा सिद्धान्त उत्सवातून उतरून खऱ्या कसोटीला लागतो. मृत्यू हा शत्रूच आहे, असे पौलाने म्हटले आहे. मृत्यूला मित्र म्हणून सजविण्याची सक्ती ख्रिस्ती माणसावर नाही; त्याला रडण्याची मोकळीक आहे. येशू स्वतः लाजराच्या कबरेपाशी रडला, आणि ते त्याला उठविण्यापूर्वी. आशा आणि अश्रू ही येथे परस्परविरोधी नाहीत.

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ईस्टरच्या पहाटे मंडळी दफनभूमीत जमते. अंधार असतानाच फुले घेऊन माणसे येतात, आपापल्या कबरा झाडतात, आणि उजाडताना उपासना होते. वसईच्या चर्चमधून आदल्या रात्री नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावतात आणि तिच्यावरून एकेकाच्या हातातील मेणबत्ती उजळत जाते. रीत निराळी असली तरी दोन्हीकडे उच्चारली जाणारी घोषणा एकच, आणि तिचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ख्रिस्ती मनुष्य 'प्रभू उठला' एवढ्यावर थांबत नाही. 'उठला आहे' असे म्हणतो. 'आला' म्हटले की गोष्ट सांगून झाली; 'आला आहे' म्हटले की पाहुणा अजून घरात आहे. पौलाच्या ग्रीक वाक्यातील क्रियापदही असेच आहे : क्रिया मागे घडली, परिणाम अद्याप चालू आहे. ईस्टरचा आजच्या श्रद्धाळूला वाटणारा अर्थ या एका 'आहे'मध्ये सामावतो. कबरेवर फुले ठेवून, उजाडल्यावर कामाला परतणारा मनुष्य तो 'आहे' बरोबर घेऊन जातो; आणि त्या दिवशी तो आजाऱ्याशी, कर्जदाराशी, वैऱ्याशी कसा वागतो, यावरून त्याने तो कितपत खरा मानला हे शेजाऱ्यांना कळते.